काजळाचा संशय

ऊसतोडीवरून होळीला आम्ही आमच्या गावी, बोरीला परतलो, तेव्हा माझी सात वर्षांची राणी मान तिरकी करून माझ्याकडे बघत होती. गणपतीत परभणीला तिच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढून भिंग बसवलं होतं. त्याच डोळ्याच्या बाहुलीत आता पांढुरकं दिसत होतं.

संशय सरळ सासूवर, सुगंधाबाईंवर गेला. आम्ही नवराबायको तोडीला गेलो की पोर त्यांच्याजवळ असते. डॉक्टरांनी काजळ घालू नका म्हणून बजावलं होतं, आणि या बाईंचा डॉक्टरांपेक्षा एरंडेलाच्या दिव्यावर धरलेल्या काजळावर जास्त भरवसा. त्या शेळ्या घेऊन बाहेर पडल्या तसं मी त्यांचं गाठोडं उचकलं. काजळाची डबी निघाली, अर्धी संपलेली.

त्या परतताच मी डबी पुढ्यात आपटली. "आत्याबाई, पोरीचा डोळा घालवला तुमी!"

"डोळ्याला न्हाई लावलं गं. तळपायाला तीट लावते, नजर लागू ने म्हणून." त्यांनी राणीचा पाय उचलून काळा ठिपका दाखवला. म्हातारीनं चांगली तयारी करून ठेवलीय, असंच मला वाटलं.

म्हातारीला डॉक्टरांसमोर खोटी पाडायची म्हणून दुसऱ्या दिवशी राणीबरोबर तिलाही परभणीला नेलं.

"काजळाचा काही संबंध नाही," डॉक्टर म्हणाले. "भिंगामागचं पातळ पटल गढूळ झालंय. लहान मुलांत ऑपरेशननंतर असं पुष्कळदा होतं. लेसरनं ते उघडता येईल. पण फार दिवस गेले असतील, तर त्या डोळ्यानं बघायची सवयच मोडते. कधीपासून कमी दिसतंय?"

मी तोंड उघडायच्या आत सुगंधाबाई म्हणाल्या, "आठच दिस झाले, साहेब."

आठ दिवस! संक्रांतीलाच त्यांचा फोन आला होता. "बबिता, राणीला उजव्या डोळ्यानं दिसंना गेलंय. डावा झाकून बघितलं मी. लवकर या." मी नवऱ्याला म्हटलं होतं, शेळ्यांचा कंटाळा आलाय, म्हणून म्हातारी बहाणे करायलीय. आणि फोन कापला होता. आता हीच बाई मला पाठीशी घालत होती.

"नक्की आठ?" डॉक्टरांनी पेन थांबवला. "यावर पुढचं ठरणार आहे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"दोन महिने झाले," मी म्हणाले. "आत्याबाईंनी तवाच कळवलं होतं. मीच खोटं समजले."