आबांची उठबस

राधाकृष्ण आबांना शहात्तरावं लागलं होतं, आणि आपल्याला काही होत नाही यावर त्यांचा देवापेक्षा जास्त विश्वास होता. भिंगारहून पाथर्डी रस्त्याने अर्ध्या तासावर त्यांचं गाव. जन्म कांद्यात गेला. त्यामुळे गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताई मोनिकाने साठीच्या पुढच्या लोकांसाठी दर मंगळवारी देवळाच्या सभामंडपात व्यायाम ठेवला, तेव्हा आबा म्हणाले, "ज्यांनी जन्मभर खुर्च्या उबवल्या त्यांना व्यायाम. आमाला कशाला?"

तरी गेले. बायको बनुबाई निघाल्या होत्या, आणि चहाही तिथेच मिळणार होता.

पहिल्या मंगळवारी मोनिकाने पडलं तर उठायचं कसं ते शिकवलं. तेव्हा आबा चहाकडे होते. दुसऱ्या मंगळवारी तिने खांबाला टेकवून एक खुर्ची ठेवली. "हात छातीशी बांधायचे आणि अर्ध्या मिनिटात जमेल तितक्या वेळा उठायचं, बसायचं. पायात जोर किती उरलाय ते कळतं. जोर गेला की माणूस पडतं, आणि या वयात पडलं की खाट धरतं."

बनुबाईंनी पदर खोचला आणि चौदा वेळा उठल्या. वर मोनिकालाच विचारलं, "झालं एवढंच?"

आबांनी हात बांधले. तीनदा उठले. चौथ्यांदा निम्मे वर आले, तिथेच थोडा वेळ राहिले आणि परत खाली गेले. पाचव्यांदा हात आपोआप गुडघ्यांवर आले.

"तीन," मोनिका म्हणाली.

"अन् ह्यो शेवटचा?"

"त्याला हात लागला, आबा. तो धरत नाहीत."

आबांचे लहानपणापासूनचे सोबती गहिनीनाथ भिंतीला टेकून बसले होते. स्वतः खुर्चीवर बसायला ते काही तयार नव्हते, पण म्हणाले, "राधाकृष्णा, मागून ढकलू का?"

घरी येईपर्यंत बनुबाई नुसत्या गुणगुणत चालत राहिल्या. आबांना ते जास्त लागलं.

दुसऱ्या दिवसापासून आबा सकाळी उठून कांदा साठवायच्या बांबूच्या चाळीत जायला लागले. "माल सडतोय का बघून येतो," म्हणायचे. अर्ध्या तासाने परत यायचे ते घामाघूम, तोंड लाल झालेलं. बनुबाईंना संशय आला. आबांना दोन वर्षांपासून साखरेचा त्रास होता, आणि मागे एकदा त्यांनी कडब्यात गुळाची ढेप लपवली होती. यंदा पेढे असणार, असा बनुबाईंनी हिशेब केला आणि सहाव्या दिवशी शेजारच्या भागूबाईंना साक्षीला घेऊन त्या चाळीच्या मागच्या बाजूला गेल्या.

बांबूच्या फटीतून दोघींनी पाहिलं. आबा पालथ्या क्रेटवर हात बांधून, डोळे मिटून बसले होते. कांद्याच्या ढिगासमोर ते उठले, बसले आणि म्हणाले, "सहा."

"अंगात आलंय," भागूबाई कुजबुजल्या. "कांद्याला नमस्कार घालत्यात."

कुजबूज आबांनी ऐकली. घाईने उठायला गेले, तर क्रेट सरकला, ते ढिगावर बसले आणि ढीग त्यांच्यासकट खाली आला. बनुबाई धावत आत आल्या तेव्हा आबा कमरेपर्यंत कांद्यात होते.

"लागलं का कुटं?"

"न्हाई. हात दे."

बनुबाईंनी गुडघे चाचपून पाहिले, पाय हलवून पाहिले आणि मग दोन पावलं मागे सरकल्या. "हात न्हाई देनार. मोनिकानं शिकवलंय तसं उठा."

"मला कुटं येतंय ते?"

"तुमी तवा चहा पीत हुता. आता मी सांगते. आदी कुशीवर व्हा. आता गुडघ्यावर या. क्रेट धरा. एक पाय फुडं टेका. घाई करू नगा."

भागूबाई कपाळाला हात लावून बघत राहिल्या. आबा कुशीवर झाले, कांदे झटकत गुडघ्यांवर आले, क्रेट धरला आणि धापा टाकत उभे राहिले. भागूबाई बातमी सांगायला गेल्यावर ते हळूच म्हणाले, "पडल्याचं काय न्हाई गं. उठताच येत न्हाई म्हटल्यावर लई भ्यालो."

"कळलं मला," बनुबाई म्हणाल्या. त्यांनी आबांच्या सदऱ्याला चिकटलेली सालं काढली. "म्हनून तर हात दिला न्हाई. बसा आता परत. पाय जरा मागं घ्या. नाक गुडघ्याच्या फुडं आलं की मग उठायचं."

आबा बसले, नाक पुढे नेलं आणि उठले. फारच सोपं गेलं. आपल्याला इतके दिवस हे कुणी सांगितलं कसं नाही, याचा त्यांना रागच आला.

दोन महिन्यांनी मोनिकाने परत खुर्ची मांडली तेव्हा आबांचे अकरा झाले, आणि त्या दिवसापासून गावाला त्यांचा ताप सुरू झाला. बाजारात, डेअरीवर, दहाव्याच्या मांडवातसुद्धा म्हातारा माणूस बसलेला दिसला की आबा समोर जायचे. "हात न लावता उठून दाखव." लोक त्यांना लांबून पाहून उभेच राहायला लागले. गहिनीनाथांनी तर रस्ताच बदलला.

शेवटी ते सलूनमध्ये सापडले. एका गालाची दाढी झाली होती, दुसऱ्याला फेस लावलेला. आबा दारात उभे राहिले.

"गहिनीनाथा, खुर्ची बरी हाय."

"दाढी तर होऊ दे," गहिनीनाथ म्हणाले. पण आबा दारातून हलेनात. न्हाव्याने वस्तरा बाजूला ठेवला, आणि गळ्याला टॉवेल गुंडाळलेले गहिनीनाथ हात बांधून उठायला-बसायला लागले. सातव्या वेळेला ते थांबले. त्यांनी आरशातून दारातल्या आबांकडे पाहिलं.

"सात म्हंजी चांगलं का वाईट रं?"

आबांना पुष्कळ काही बोलता आलं असतं. पण त्या आवाजातली भीती त्यांच्या ओळखीची होती.

"मंगळवारी ये," ते म्हणाले. "बनी सांगंल."

मंगळवारी गहिनीनाथ सगळ्यांच्या आधी सभामंडपात आले. दाढी मात्र दोन्ही गालांची केलेली होती.