कालचा पाठ

नीरजाची नोकरी काय, हे ऐकून लोकांना हसू यायचं. घरबसल्या सरकारी वेबसाइटच्या पानांवर राखण करायची आणि कुठे नियम बदलला की दिल्लीच्या कंपनीला कळवायचं. राखण खरं तर प्रोग्रामच करायचा. पण एखाददुसऱ्या शब्दासाठी तो दिवसभर इतका किरकिर करायचा, की तिनं त्याला बजावूनच ठेवलं होतं: असल्या किरकोळीला मला हाक मारायची नाही.

त्या शेकडो पानांत एक तिनं स्वतःसाठी घातलं होतं, घाटावर पुरोहित यजमानांचे विधी करायला बसतात त्या लाकडी चौक्यांचं. गंगेकाठच्या पंचगंगा घाटावरची विश्वेश्वरशास्त्रींची, म्हणजे तिच्या वडिलांची, चौकी तीन पिढ्यांची. पण नियम असा, की ती पुढे पुत्राच्याच नावावर चढणार. शास्त्रींना पुत्र नाही. त्यांच्यामागे चौकी जाणार होती, आणि नीरजाला ती हवी होती, अगदी जिवापासून हवी होती! सगळे संकल्प तिला तोंडपाठ. पण बोलायची सोय कुठे? बाबांना उगाच टोचायचं.

शास्त्रींची नजर गेलेली. सकाळचा चहा झाला की म्हणायचे, "वाच गं ते पान." म्हातारपणी माणसाला कुणाचा तरी आवाज लागतो, असं म्हणून ती वाचायची.

त्या पौषात एका सकाळी घरासमोरच्या रामघाटावर इतकं धुकं दाटलं, की खिडकीबाहेर गंगा उरलीच नव्हती. नावाड्यांच्या हाका तेवढ्या पांढऱ्यातून तरंगत यायच्या. नीरजा पेंगत वाचत होती. आपलाच आवाज तिला नदीपलीकडून आल्यासारखा वाटत होता.

"रुक जा," शास्त्री म्हणाले. "कालचा पाठ असा नव्हता."

"काही बदललेलं नाही, बाबा. प्रोग्राम गप्प आहे."

"चुलीत गेला तुझा प्रोग्राम!"

आणि त्यांनी कालचं पान पहिल्या कलमापासून म्हणायला घेतलं. भाषा कचेरीतली रुक्ष हिंदी, पण हात वेद म्हणताना हलतो तसा वर-खाली. घरात धूप दरवळल्यासारखं वाटलं. सातव्या कलमाशी हात थांबला.

"काल इथे 'पुत्र' होतं. आज तू काय वाचलंस?"

नीरजानं कालची प्रत उघडली. पुत्र. आज तिथे 'संतान'. मुलगा असो, मुलगी असो! एकच शब्द, म्हणून प्रोग्रामनं हाक मारली नव्हती. ती रडायलाच लागली.

"बाबा, मला हवीय चौकी. मला बसायचंय तिथे."

शास्त्रींनी तिच्या आवाजाकडे तोंड वळवलं.

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"वेडी गं वेडी." त्यांनी चाचपडत तिचा हात धरला. "मीही विचारलं नाही. तू नको म्हणाली असतीस, तर मी कुठे जायचं होतं?"