पुणे ते होबार्ट, सरळ अंतर

पृथ्वीगोलावर ताणून धरलेला दोरा एकोणतीस सेंटिमीटर सहा मिलिमीटर भरला. पुणे ते टोरंटो. मग तोच दोरा पुण्यापासून आग्नेयेला, टास्मानियातल्या होबार्टपर्यंत ताणला. तेवीस सेंटिमीटर आठ मिलिमीटर. दोन्ही मापं मी तीनदा घेतली. एका सेंटिमीटरला सव्वाचारशे किलोमीटर धरले, तर होबार्ट जवळजवळ अडीच हजार किलोमीटरने जवळ होतं.

टेबलावरच्या फोनवर धम्मदीपदादा दिसत होता. नऊ वर्षांपूर्वी तो टोरंटोला गेला. आई-बाबा आणि मी येरवड्यातच राहिलो.

"दीक्षा, मी बोलतोय आणि तू काय करतेयस?"

"मोजतेय. होबार्ट जगाच्या टोकाला आहे म्हणालास ना."

"आहेच! आईला काही झालं तर पोचशील कधी?"

"विमान बदलण्याचा वेळ धरून चोवीस तास. तुलाही तेवढेच लागतात."

"माझी गोष्ट वेगळी आहे."

"किती किलोमीटरने?"

पावटे सोलता सोलता आई हसली.

समुद्री शेवाळावरच्या संशोधनासाठी होबार्टच्या विद्यापीठाचं बोलावणं मला तिसऱ्यांदा आलं होतं. पहिल्यांदा दादाचं लग्न होतं, दुसऱ्यांदा बाबांचं आजारपण. दोन्ही वेळा मी 'सध्या शक्य नाही' असं कळवलं. या वेळी आज संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचं होतं. यानंतर विचारणार नाही, असंही त्यांनी सभ्य शब्दांत लिहिलं होतं.

"कात्रजच्या कॉलेजात जागा आहे की," दादा म्हणाला. "घराजवळ."

"परवा तिथून यायला एक तास पन्नास मिनिटं लागली. तेवढ्यात विमान बंगळूरला पोचतं."

"चेष्टा पुरे. आईजवळ कुणीतरी हवं."

"बाबा गेले तेव्हा तू किती तासांत आलास?"

"तिकीट मिळत नव्हतं, तुला माहितीये."

"शहाण्णव तासांत. अंत्यविधी होऊन गेल्यावर, थेट पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला."

आता आईने सूप बाजूला सारलं. "अहो टोरंटोवाले, एवढी काळजी असेल तर तुम्ही या परत. मी बँकेत एकटी जाते, गोळ्या माझ्या मी घेते, खालच्या मजल्यावर माझी बहीण राहते. पहाराच हवा असेल, तर तुरुंग पलीकडे आहे. हे घर आहे."

"आई, तू तिच्यासाठी बोलू नकोस. तिला स्वतःला जायचंय का? मघापासून नुसते आकडे सांगतेय."

तो बरोबर बोलत होता. तीन आठवडे मी अंतरं काढत होते, विमानांच्या वेळा जुळवत होते आणि एक वाक्य टाळत होते. मी आईकडे पाहिलं. ती पुन्हा पावट्यांकडे वळली होती. मुद्दामच वर बघत नव्हती.

"सांग ना," दादा म्हणाला. "जाणार आहेस?"

"हो. दोन वर्षांसाठी मी होबार्टला जातेय, दादा. आईला काही झालं, तर आपण दोघंही विमानात असू."