कुदळी धुतलेलं पाणी

"मामा, पाटीभर माती. जास्त मागत नाही."

दफनभूमीच्या कडेला फलेसी वाट अडवून उभी होती. लमेकी नुकताच एक खड्डा बुजवून बाहेर येत होता. मिसरूड फुटल्यापासून तो गावाची माणसं पुरत आला होता. एकदा वाकलेली कंबर आता सरळ व्हायला वेळ घेई.

"आतलं वाळकं पानसुद्धा बाहेर नेत नाहीत. माहीत नाही तुला?"

"माहीत आहे. म्हणून तर झाडं इथंच उरलीत."

ते खरं होतं. समोरची टेकडी कोळशाच्या भट्ट्यांनी केव्हाच खाल्ली होती. मसुकूची, त्या रानफळाची, जुनी झाडं उरली ती मेलेल्यांच्या राखणीत. फलेसीच्या रोपवाटिकेत टेकडीवर लावायची मसुकूची रोपं उगवत, वीतभर होत आणि पिवळी पडून माना टाकत. यंदाचीही गेली, तर गावप्रमुख टेकडी निलगिरीवाल्यांना देणार होता.

"जुन्या झाडाखालच्या मातीत बुरशी असते, मामा. पांढरी, सुतासारखी. ती मुळांना भरवते. धुरातलं जे हवेत जातं ते झाड ओढून घेतं, आणि त्यातलं थोडं ही बुरशी जमिनीत पुरून ठेवते."

"पुरते? मग आमच्यातलीच की," मागून येणारा त्याचा जोडीदार सायझी म्हणाला. "तिला आपल्यासारखी मयताघरची कोंबडी मिळते का, विचार."

खड्डा खणणारे सगळे हसले. लमेकी हसला नाही. त्याची बायको आत पुरलेली होती, दोन मुलं होती. आज माती बाहेर गेली आणि उद्या कुणाचं पोर तापानं फणफणलं, तर बोट फलेसीकडेच जाणार होतं. ती बहिणीची मुलगी. तिच्यासाठी गावापुढं उभं राहायचं ते मामानंच.

"माती मिळणार नाही," तो म्हणाला.

फलेसीनं पाटी उचलली आणि ती वळली. ती भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

रिवाजाप्रमाणे सायझीनं हद्दीबाहेर पाण्याची बादली ठेवली होती. कुदळी तिथं धुवायच्या, मगच घरी जायचं. लमेकीनं पहिली कुदळ बुडवली. पाणी गढुळलं. आतली माती बाहेरच्या बादलीत उतरली होती.

"फलेसी," त्यानं हाक मारली. "रोपं इकडं आण. डोक्यावर मावतील तेवढी."

ती आणि तिच्या सोबतिणी पिशव्यांतली रोपं घेऊन आल्या. लमेकीनं एकेक कुदळ खरवडून धुतली आणि ते दाट पाणी ओंजळीनं प्रत्येक रोपाच्या बुडाशी घातलं.

"दादा, हे बरं नाही," सायझी हलक्या आवाजात म्हणाला.

"पाणी बाहेर सांडायचं असतं. बाहेरच सांडतोय."

"लोक विचारतील."

"माझं नाव सांग. तिचं नको."

पाऊस सरला तेव्हा टेकडीवर त्यातली बरीच रोपं हिरवीगार उभी होती. त्याच सुमारास एका सकाळी मयताचा ढोल वाजला. लमेकी कुदळ घेऊन दारात बसला. सायझी आणि बाकीचे समोरच्या वाटेनं गेले. सायझीनं मान खाली घातली होती. लमेकीला बोलवायला कुणी वळलं नाही.

ऊन अंगावर आलं तसा लमेकी उठला. कुदळ घरात ठेवली, कोट चढवला आणि मयताघरी गेला. आंब्याखाली गावातली बाकीची पुरुषमंडळी बसली होती. त्यांच्यात तो आजवर कधी बसला नव्हता; अशा वेळी तो खड्ड्यावर असे. कुणीतरी जरा सरकून त्याला जागा करून दिली, पाहुण्याला देतात तशी.