डावा कान शेळीचा

काचबिंदूनं नजर अधू झाल्यापासून माझ्या वडिलांना, आबांना, शेळ्या नुसत्या काळ्या दिसायच्या, आणि आमच्या सगळ्याच काळ्या. भूमच्या बाजारात त्यांनी म्हातारी समजून गाभण शेळी विकली, तेव्हा माझा भाऊ शिवशंकर म्हणाला, आता पुरे. राहिलेल्या तेवीस न्यायला रविवारी व्यापारी येणार होता.

मी पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या कंपनीत. रजा टाकून आले ती रागातच. शेळ्या गेल्यावर आबांनी दिवस कसा काढायचा, हे कुणी विचारलंच नव्हतं. शेळीच्या कानात चिपचा बिल्ला, आणि डबी जवळ नेली की ती नाव बोलणार, असं यंत्र मी मनात धरलं होतं. बिल्ला वाचणाऱ्या रीडरचे पाय, म्हणजे तारेसारख्या पिना, इतके जवळजवळ की बाजारातल्या कुठल्याच तयार बोर्डाच्या भोकांत बसेनात. म्हणून त्याच्यापुरता छोटा सर्किट बोर्ड मीच कॉम्प्युटरवर आखून, कारखान्यातून बनवून आणला होता.

नावं आबांनी सांगितली. मोरी, चंद्री, झिपरी, बांडी. "तुमच्या आवाजात भरू का?" मी विचारलं.

"माझाच आवाज म्याच ऐकू व्हय? तुझा घाल."

शनिवारी डाग देऊन रीडर बोर्डाला जोडण्याआधी पाय ताडून पाहिले, तर जागा जुळेनात. आखताना मी रीडर पालथा धरून पाय मोजले होते. डावी रांग उजवीकडे गेली होती, उजवी डावीकडे. नवा बोर्ड यायला आठ दिवस लागणार. एवढी शिकले आणि हे दिवे लावले!

"काय झालं गं?" आबांनी विचारलं.

"डाव्याचं उजवं झालंय," मी खेकसले.

आबा हसायलाच लागले. "आजून समोरनंच बघतीस व्हय?"

मी नऊ वर्षांची असेन. आमच्या शेळ्यांची खूण म्हणजे डाव्या कानाला चीर. त्या वर्षी पहिल्यांदा कात्री माझ्या हाती आली, आणि मी करडाच्या तोंडासमोर बसून, माझ्या डावीकडचा कान चिरला. तो निघाला उजवा. आई ओरडली. आबांनी मात्र मला उचलून करडाच्या मागं उभं केलं. "डावा म्हंजी शेळीचा डावा, आपला न्हाय. मागं जाऊन बघायचं." तेव्हा त्यांना लांबच्या टेकडीवरची शेळीसुद्धा नावानिशी ओळखू यायची.

मागं जाऊन. मी बोर्ड उलटा केला, रीडर पाठीकडून घातला. सगळे पाय जिथल्या तिथं बसले. रात्रीतून डाग दिले आणि तेवीस कानांत बिल्ले अडकवले.

रविवारी टेम्पो दारात उभा राहिला. शिवशंकरनं मुद्दाम शेजाऱ्यांच्या चार शेळ्या कळपात मिसळल्या. आबा डबी घेऊन एकेका कानाशी वाकत गेले. आपल्या तेवीस डबीनं नावानं पुकारल्या, जिथं डबी बोलली नाही त्या परक्या चार आबांनी बाजूला काढल्या. शिवशंकरनं डबी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. मग व्यापाऱ्याला चहा पाजून रिकाम्या टेम्पोनं परत पाठवलं.

पुण्याला आल्यावर कामाच्या रगाड्यात फोन करायला दहा दिवस लागले. लाज वाटत होती. आबांनी फोन उचलला, तर मागून माझाच आवाज, "चंद्री."

"आबा, रागावलात ना? फोनच जमला नाही."

"रागवू कशापायी? तुझा आवाज रोज असतोय की दारात. तू जेवलीस का, तेवढं सांग."