दृष्टीवाल्यांचं पहिलं पाकीट

रविवारी सकाळी दहाच्या आत शाळेचा हॉल असा भरला की माणसं खिडक्यांच्या कट्ट्यांवर चढून बसली. व्यासपीठावर पांढऱ्या कपड्यातले दृष्टीवाले महाराज डोळे मिटून बसले होते. समोर मोठी परात, परातीत तेवीस बंद पाकिटं. मनात जो संशय असेल तो कागदावर लिहायचा आणि पाकीट चिकटवून द्यायचं, एवढंच त्यांनी सांगितलं होतं.

महिनाभरात सातवीच्या तीन मुली भर तासाला बेशुद्ध पडल्या होत्या. पहिली पडली ती मावशींच्या हातचं पाणी पिऊन वर्गात आल्यावर. अठरा वर्षं मावशी या शाळेत मुलांना पाणी देत होत्या आणि फाटकाजवळच्या एका खोलीत एकट्या राहत होत्या. तिसरी मुलगी पडली त्या दिवसापासून मुलं घरून बाटल्या आणू लागली. मग कुणीतरी मावशींच्या दाराला डांबर फासलं. कुणी, ते कुणी विचारलं नाही.

दृष्टीवाल्यांना गावात आणलं घड्याळं दुरुस्त करणाऱ्या घड्याळजींनी. पाकिटं गोळा करून परातीत रचलीही त्यांनीच.

"दृष्टी म्हणजे डोळा नव्हे," दृष्टीवाले म्हणाले. "डोळा तर कोंबडीलाही असतो." लोक हसले, पण हळूच. त्यांनी वरचं पाकीट कपाळाला टेकवलं. श्वास लांबवला. "हे एका कारागिराचं. त्याला फाटकाजवळच्या खोलीचा संशय आहे."

घड्याळजी उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, हेच लिहिलं होतं. दृष्टीवाल्यांनी पाकीट फाडलं, कागदावर नजर टाकली, मान डोलावली आणि दुसरं पाकीट कपाळाला लावलं. मग तिसरं. प्रत्येक वेळी कुणीतरी उठे आणि होय म्हणे. सातवं पाकीट कपाळाला लावून ते थांबले.

"हे एका शिक्षिकेचं. रोज देवापुढे बसणारी बाई आहे. तिनं दोनच शब्द लिहिलेत. पाणी देणारी."

सातवीच्या वर्गशिक्षिका बाई तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. खोटं बोलणं त्यांच्या नेमात बसत नव्हतं, म्हणून त्या उठल्या आणि हो म्हणाल्या. बसताना त्यांची नजर दाराकडे गेली. तिथे मावशी उभ्या होत्या, पाण्याची रिकामी बादली हातात घेऊन.

शेवटचं पाकीट फाडून झाल्यावर दृष्टीवाले म्हणाले की दोष कुठे आहे ते सगळ्यांच्या मनांनीच सांगितलं. पुढच्या रविवारी प्रत्येकानं एवढंच लिहून आणायचं, की त्या दोषाचं करायचं काय. बाहेर पडताना लोक मावशींच्या बाजूनं गेले नाहीत. हॉलला दुसरं दार होतं, तिथे चेंगराचेंगरी झाली.

बाई रोज पहाटे दिवा लावून तासभर स्तोत्रं म्हणत. त्या आठवड्यात त्यांचा पाठ मध्येच तुटू लागला. जिभेवर ओळ असायची आणि डोळ्यांपुढे बादली. वाटायचं, जाऊन मावशींशी बोलावं. पण बंद पाकिटातलं दृष्टीवाल्यांनी अक्षर न अक्षर ओळखलं होतं, मग बाकीचंही खरं असलं तर? मंगळवारी मावशींच्या खोलीची काच फुटली. गुरुवारी किराणावाल्यानं त्यांना काही द्यायचं नाकारलं.

शनिवारचा शेवटचा तास कोड्यांचा असे. बाई एखादी छोटी गुन्ह्याची गोष्ट सांगायच्या, मुलांनी चोर शोधायचा. रीत ठरलेली होती. आधी फळ्यावर दोन रकाने, 'पाहिलं' आणि 'मानलं'. ज्याला जे दिसलं ते डावीकडे, जे नुसतं वाटलं ते उजवीकडे. मग उत्तरं चिठ्ठीवर लिहून खडूच्या डब्यात टाकायची, आणि पाळी असेल त्यानं ती वाचायची.

त्या शनिवारी पाळी वकिलीणबाईंची होती. ही बारा वर्षांची पोर प्रत्येक गोष्टीवर हुज्जत घालते म्हणून वर्गानं तिचं हे नाव पाडलं होतं. तिनं घडी केलेली पहिली चिठ्ठी उघडली नाही, कपाळाला टेकवली. डोळे मिटून म्हणाली, "ही शेवटच्या बाकावरची. माळ्याला चोर म्हणते." शेवटच्या बाकावरची हो म्हणाली. चिठ्ठी उघडून, मान डोलावून तिनं दुसरी कपाळाला लावली. "ही गचाळ अक्षरवाल्याची. म्हणतो, चोर स्वयंपाकी." आधी वर्ग हसत होता. पाचव्या चिठ्ठीला एक मुलगी रडायला लागली.

"बस खाली," बाई म्हणाल्या. "हे कसं केलंस?"

"बाई, आधी मला सांगा, ज्याला बंद पाकिटातलं दिसतं त्याला पाकीट उघडायची काय गरज?"

"खात्री करायला."

"कुणाची? लिहिणारा तर आधीच उठून हो म्हणालेला असतो."

वकिलीणबाईंनी खडू उचलला आणि युक्ती समजावली. शेवटच्या बाकावरच्या मैत्रिणीनं तिला आपलं उत्तर आधीच सांगून ठेवलं होतं आणि तिची चिठ्ठी डब्याच्या तळाशी होती. पहिल्यांदा हातात आलेली चिठ्ठी खरं तर गचाळ अक्षरवाल्याची. नाव मैत्रिणीचं सांगायचं, आणि खात्री केल्यासारखं करून त्याची वाचून घ्यायची. मग दुसरी कपाळाला लावून सांगायचं ते त्याचं. असं प्रत्येक वेळी एक चिठ्ठी पुढे. शेवटी हातात राहते ती मैत्रिणीची.

"म्हणजे एक माणूस सामील लागतो," बाई हळूच म्हणाल्या.

"आणि त्याचं पाकीट तळाशी लागतं. पाकिटं रचली कुणी, बाई?"

घड्याळजींनी फाटकाजवळची ती खोली दुकानासाठी दोनदा मागितली होती, हे शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं.

बाईंनी फळा पुसला आणि त्यावर नवं कोडं लिहिलं: तीन मुली बेशुद्ध. मुलांनी 'पाहिलं'खाली भराभर सांगितलं. मावशींचं पाणी अख्खी शाळा प्यायली. पडल्या त्या तिघी याच वर्गखोलीत, एकाच भिंतीच्या बाकांवर. वर्गखोलीला रंग लागला त्याच आठवड्यात पहिली पडली. त्या भिंतीच्या खिडक्या रंगानं चिकटल्यात, उघडत नाहीत. इथे अजून डोकं दुखतं. डॉक्टरांनीही पहिल्या दिवशी वर्गात हवा खेळू द्या असं सांगितलं होतं, पण तोवर पाण्याचं नाव निघालं होतं आणि ते कुणी ऐकलंच नाही. 'मानलं' या रकान्यात एकच शब्द पडला, मावशी. तो लिहिताना बाईंचा खडू मोडला.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये गर्दी दुप्पट होती. दाराशी काहीजण काठ्या टेकवून उभे होते. मावशींना पहिल्या रांगेत, एकट्यांनाच एका खुर्चीवर बसवलं होतं. आजूबाजूच्या खुर्च्या रिकाम्या.

दृष्टीवाल्यांनी पहिलं पाकीट कपाळाला टेकवलं. "तोच कारागीर. म्हणतो, खोली आजच्या आज रिकामी करा." घड्याळजींनी हात जोडले. दृष्टीवाल्यांचं बोट पाकिटाच्या कडेखाली गेलं, तेवढ्यात बाई उठल्या. आवाज त्यांचा एरवीही लहान, आज तर आणखी खाली गेला होता.

"महाराज, ते उघडू नका. नुसतं टेबलावर ठेवा. तुम्हाला बंद पाकिटातलं दिसतं, मग पुढचं वाचा. सगळी शेवटी उघडू."

दृष्टीवाले म्हणाले, विधी मोडतो. बाई म्हणाल्या, मोडू दे, पाप मला लागेल. मागून कुणीतरी ओरडलं की बाईला खाली बसवा. काठीवाले दोन पावलं पुढे आले. तेव्हा गावातली बेकरीवाली आपल्या जागेवरून म्हणाली, "अहो, वाचा की मग. एवढं काय त्यात?"

दृष्टीवाल्यांनी दुसरं पाकीट कपाळाला लावलं. श्वास लांबवला. पुन्हा लांबवला. हॉलमधल्या पंख्याची कुरकुर ऐकू येऊ लागली. पाकिटाच्या कडेला घामाचा ओला डाग पडला, तरी एक अक्षर आलं नाही.

बाई व्यासपीठावर गेल्या, पहिलं पाकीट उचललं, फाडलं आणि कागद सगळ्यांकडे धरला. "हे अक्षर घड्याळजींचं नाही. कुणाचं आहे?"

बेकरीवाली पुढे वाकली. "ते माझं. पण माझं तर अजून त्यांनी वाचलंच नाही."

बाईंनी मोठ्यानं वाचलं, "तिला गावाबाहेर काढा, गेली नाही तर हाकला." बेकरीवालीनं मावशींकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. अठरा वर्षं मावशी रोज तिच्या दुकानातून पाव नेत होत्या.

बाईंनी युक्ती दोन वाक्यांत सांगितली. घड्याळजींचं पाकीट शेवटचं निघेल, एवढं म्हणून त्यांनी परात वाकडी केली आणि तळचं पाकीट दाखवलं. ते त्यांचंच होतं. पण तोवर कुणी घड्याळजींकडे पाहत नव्हतं. लोक व्यासपीठाकडे धावले होते, मारायला नव्हे. जो तो परातीतून आपलं पाकीट शोधत होता, दुसऱ्याच्या हाती लागायच्या आत. कागद फाटत होते, खिशात, पदरात जात होते. त्या गडबडीत दृष्टीवाले मागच्या दारानं निघून गेले, आणि गेल्याचं ध्यानात येईपर्यंत परात जवळजवळ रिकामी झाली होती. एकच पाकीट उरलं, बाईंचं स्वतःचं. ते बाईंनी मावशींच्या हातात दिलं. आत दोन रकाने होते. 'पाहिलं'खाली जागा कोरी. 'मानलं'खाली मावशींचं नाव.

"मी काय केलं होतं, बाई?" मावशींनी विचारलं.

"काहीच नाही. मी घाबरले होते."

सोमवारी सुरीनं रंग खरवडून खिडक्या उघडल्या. नंतर कुणी बेशुद्ध पडलं नाही. मावशी पाणी द्यायला आल्या, पण आता त्या कुणाच्या पेल्यात ओतत नाहीत. घागर कट्ट्यावर ठेवतात आणि चार हात लांब उभ्या राहतात. बाई मधल्या सुट्टीत सगळ्यांच्या आधी जातात आणि पेला पुढे करतात. मावशी कधी ओततात, कधी नाही.

बाईंचा पहाटेचा दिवा चुकलेला नाही. वर्गाच्या फळ्यावर मात्र एक कोपरा त्या आता पुसू देत नाहीत. तिथे लिहिलंय: देव न पाहता मानला तर कुणाचं घर जळत नाही. माणसाचा दोष न पाहता मानला तर जळतं. म्हणून बोट दाखवायच्या आधी डावा रकाना भरा. तो रिकामा असेल, तर हात खाली घ्या.