चावीकाकांचं कोरडं अंगण

"बाबा, नुसता हात लावला तर आख्खं रोपटंच हातात आलं!"

अंगणात उकिडवी बसलेली लेक चिनी गुलाबाचा झुपका बापासमोर धरून होती. काड्या बुडाशी काळ्या पडल्या होत्या, सुईसारखी टोकदार, गुबगुबीत पानं पिवळी होऊन गळत होती आणि मुळांना सडक्या भाजीचा वास येत होता. चावीकाकांनी हातातला पाण्याचा पाइप हळूच पाठीमागे नेला.

"किती पाणी घालता हो याला?"

"सकाळ-संध्याकाळ. ऊन जास्त असलं तर दुपारीही थोडं."

"आईनं कधी घातलेलं बघितलंत?"

काका पाइप गुंडाळायला लागले.

"सगळा चिखल झालाय. उद्या पाय घसरून पडलात म्हणजे? पुढच्या महिन्यात मी फरशीवाल्यालाच घेऊन येते. तुमच्याही जिवाला घोर नको आणि माझ्याही."

"फरशी नको. हे तुझ्या आईचं आहे."

"आहे कुठे आता, बाबा? गेलं की सगळं." बोलून गेल्यावर लेकीला स्वतःलाच वाईट वाटलं. जरा वेळानं ती म्हणाली, "बरं, महिनाभर बघू. काही उगवलं तर राहील. नाहीतर फरशी."

चावीकाका हे नाव गल्लीनं ठेवलेलं. सगळी नोकरी पाणीपुरवठ्यात गेली. लांब दांड्याची चावी सायकलला बांधायची आणि रस्तोरस्ती फिरून लोखंडी झाकणांखालचे व्हॉल्व्ह उघडायचे, मिटायचे. त्यांनी मनगट फिरवलं की अर्ध्या गावाच्या बादल्या वाजायला लागत. लोक वाटेत सायकल अडवत. "चावीकाका, घरात पाहुणे आलेत, आज जरा जास्त सोडा की." काका पेडलवरचा पाय काढत नसत. वेळ म्हणजे वेळ. स्वतःच्या गल्लीच्या बाबतीत तर हात आणखीच आखडता. उगाच कुणी बोट दाखवायला नको म्हणून आपल्या गल्लीचं पाणी ते सगळ्यांत आधी बंद करत. गल्ली चरफडायची. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, असं त्यांच्या तोंडावर बोलायची.

या अंधारात सगळ्यांत जास्त दिवस काढले ते काकूंनी. घर उतारावर, खाली नुसता मुरूम आणि दगड. कुदळ मारली की ठिणगी उडे. काकू घरातच पाळणाघर चालवत, त्यामुळे दिवसभर पोरांचे पाय धुवा, पेले विसळा, दुपटी पिळा. नळाचं पाणी तिथंच संपे. तरी लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात त्यांनी हट्टानं गुलाबाचं कलम आणलं होतं. काकांनी पहारीनं खड्डा करून दिला. कलमानं दोन पानं काढली आणि मान टाकली.

"अहो, आज पाच मिनिटं उशिरा बंद करा ना. एक बादली जास्तीची भरेन," काकू म्हणाल्या होत्या.

"आणि उद्या गल्लीनं विचारलं तर काय सांगू? बायकोच्या गुलाबासाठी सोडलं म्हणून?"

काकूंनी पुन्हा कधी मागितलं नाही. कलम वाळलं. मग एक दिवस पाळणाघरातल्या कुठल्याशा पोराच्या आईकडून त्या ओल्या रुमालात गुंडाळून चार काड्या घेऊन आल्या आणि दगडांच्या फटीत खोचून मोकळ्या झाल्या. "खरा गुलाब नाही तर नाही, चिनी तर चिनी! याला ऊन द्यायचं आणि विसरून जायचं." दोन पावसाळ्यांत अंगणातला दगड दिसेनासा झाला. सकाळची कामं उरकून काकू पायरीवर टेकत तेव्हा फुलं उघडत. गुलाबी, नुसती गुलाबी. पोरं त्यांच्यावरून धावत, पडत, लोळत. झाडाला त्याचं काही नव्हतं. तुटली काडी की पडेल तिथं मूळ धरी.

निवृत्तीनंतर घरावर टाकी आली, नळाला दिवसभर पाणी आलं. तरी काकू पाइप हातात धरू देत नसत. "तिकडे जाऊ नका हं! लाडावलं तर बिघडेल ते." गेल्या थंडीत काकू गेल्या. आता हात धरणारं कुणी उरलं नाही. काका दोन्ही वेळा पाणी घालत सुटले. जन्मभर तिला एक बादली दिली नाही, ही बोच होती, आणि पाण्याची धार पडत असली की ती जरा कमी टोचे. वरातीमागून घोडं, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण हात थांबत नव्हता.

लेक गेल्यावर त्यांनी एकेक झुपका उलटापालटा करून पाहिला. जिवंत म्हणावी अशी काडी सापडली नाही. मागच्या गल्लीत शिवणवाल्या बाईंच्या कुंपणावर डब्यांतून हीच फुलं होती, हे त्यांना ठाऊक होतं. पण मागायला जायचं म्हणजे जिवावर आलं. लोक त्यांच्याकडे मागत, ते कधी कुणाकडे मागायला गेले नव्हते. बाईंच्या दारात ते चपला काढू की नको करत उभे राहिले.

बाईंनी मशीन थांबवलं नाही. "काय चावीकाका, आज उलटी गंगा?"

"दोन काड्या हव्या होत्या. चिनी गुलाबाच्या."

"तुमच्याकडे तर रान माजलं होतं की त्याचं!"

"मी पाणी घातलं," काका म्हणाले. गुन्हा कबूल करावा तसं त्यांनी ते सांगितलं.

बाईंचा पाय आता थांबला. "अति तिथं माती, काका. काकूंनी मला काड्या दिल्या तेव्हा पहिल्यांदा हेच बजावलं होतं."

काकांनी दारात पडलेली एक चिंधी उचलली. "माझ्याबद्दल बोलायची कधी? पाण्यावरून?"

"खोटं कशाला सांगू? भरपूर बोलायच्या. गावाला पाणी पाजतो आणि बायकोला कोरडी ठेवतो, म्हणायच्या." बाई दोरा तोडता तोडता हसल्या. "पण दुसरं कुणी तुम्हाला बोललेलं चालायचं नाही हं. मी एकदा बोलून बघितलं, तर तीन दिवस माझ्याशी अबोला! वर म्हणाल्या, त्यांनी एका घरासाठी चावी फिरवली असती ना, तर सगळ्या गावासाठी फिरवावी लागली असती. चला, किती काड्या देऊ?"

काकांनी नुसती ओंजळ पुढे केली. त्यांना बायको फार जवळ आल्यासारखी वाटली, आणि तितकीच लांबही. हे तिनं त्यांना कधी सांगितलं नव्हतं. त्यांनीही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चिखल खरवडून काढला, बारीक खडी आणि वाळू पसरली आणि काड्या दगडांच्या फटीत खोचल्या. खरं काम पुढेच होतं, काही न करण्याचं. दुपारी काड्या माना टाकत, आणि ज्या मनगटानं जन्मभर पाणी सोडलं त्याला मुंग्या येत. एकदा तर ते भरलेला मग घेऊन पायरीपर्यंत आले. तिथंच उभं राहून मगातलं पाणी स्वतः पिऊन टाकलं आणि घरात गेले.

महिन्यानं लेक आली ती फरशीवाल्याला घेऊनच. त्यानं टेप काढली, अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धरली. जमिनीवर खुरट्या काड्या होत्या, मुठीत मावतील एवढ्या.

"बाबा, याला काय उगवलं म्हणायचं?"

"ऊन भिंतीखाली उतरू दे," काका म्हणाले. "थोडं थांब."

फरशीवाल्यानं मान हलवली आणि तो चहाला बसला. ऊन भिंतीवरून उतरलं, दगडांवर आलं, तापलं. लेकीचं लक्ष फोनमध्ये होतं. काकांनी तिच्या खांद्याला हात लावला. पहारीच्या जुन्या खड्ड्याजवळ एक कळी सैल झाली होती. बघता बघता ती उलगडली. मग तिच्या शेजारची. दोनच, पण गुलाबी.

लेकीनं फोन खाली ठेवला. तिचे डोळे भरून आले.

"तिनं एकदाच मागितलं होतं गं," काका म्हणाले. "पाच मिनिटं. द्यायला हवी होती मी."

लेकीनं फरशीवाल्याला परत पाठवलं, आणि मग येऊन पायरीवर बापाला टेकून बसली. पाळणाघरातल्या पोरांची नावं, कोण कुठं पडलं होतं, कुणाला आईनं फुलं तोडल्याबद्दल धपाटा घातला होता, असं काय काय निघालं. जेवायची वेळ टळली तरी दोघांपैकी कुणी उठलं नाही.

ऊन कलायला लागलं तशा पाकळ्या आवळत आल्या.

"मिटली," लेक म्हणाली. "उद्या परत उघडतील ना?"

"ही नाही उघडायची. याचं फूल एका दिवसाचं," काका म्हणाले. "उद्या उघडेल ते दुसरं."

लेकीनं मान हलवली. काका फुलं पूर्ण मिटेपर्यंत तिथंच बसून राहिले.